लाव्याचं पिल्लू आणि माझा हातगुण

आमच्या घरात माझ्या हाती कुणी जिवंत वस्तू देत नाही. पिशव्या देतात, सिलिंडर सरकवायला देतात, बरणीचं घट्ट झाकण उघडायला देतात; पण ज्याला जीव आहे ते माझ्यापासून लांब ठेवतात. मी पाणी घातलेलं झाड आठवड्याच्या आत मान टाकतं. माशांच्या टाकीबद्दल तर आमच्याकडे अजूनही कुणी मोठ्यानं बोलत नाही. "एकेकाचा हातगुण असतो," एवढंच बायको म्हणते, आणि ते ज्या सहानुभूतीनं म्हणते तिचाच मला जास्त राग येतो.

अशा माणसाच्या घरी मेहुण्यानं अंडी उबवायचं यंत्र आणून ठेवलं. मेहुण्याला दर वर्षी नवा धंदा सुचतो. यंदा त्याला लावे सुचले. लावा म्हणजे तितराचा धाकटा भाऊ म्हणावा असा गोल गरगरीत, ठिपक्याठिपक्यांचा पक्षी. अंडं सुपारीपेक्षा मोठं, लिंबापेक्षा लहान. त्याच्या घरी मांजर आहे, म्हणून यंत्र आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी बसलं. पिल्लं निघाली तेव्हा तो आला, सगळी चिवचिव खोक्यात भरली, यंत्र काखोटीला मारलं आणि जाता जाता एक अंडं ओट्यावर ठेवून म्हणाला, "भाऊजी, हे पोकळ आहे. टाकून द्या."

टाकून द्यायचं म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या कामात माझा हात कुणी धरणार नाही. मी अंडं घेतलं, कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायानं उचलून धरलं, आणि अंडं बोललं.

"चिक."

मी झाकण सोडलं. ते माझ्या नडगीवर आपटलं, पण त्या क्षणी मला नडगीचं भान नव्हतं. "बोललं! अंडं बोललं!" मी ओरडलो. बायको आतून म्हणाली, "बोलू दे, तुम्ही आधी केर टाका." पण मुलगी धावत आली, तिनं अंडं कानाला लावलं, आणि तिचे डोळे असे काही मोठे झाले की बायकोही हातातलं काम टाकून आली.

मुलीनं पहिलं काम काय केलं असेल, तर मला भिंतीपाशी उभं केलं. "बाबा, हात मागे! शिवायचं नाही." मी माझ्याच स्वयंपाकघरात वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा उभा राहिलो. अंड्याला आधी तडा गेला, मग टोपीसारखा टवका उचलला गेला, मग बराच वेळ काहीच झालं नाही. बायको म्हणाली, "थकलं असेल." आम्ही तिघं श्वास रोखून पाहत होतो. शेवटी एक जोराचा हिसका बसला आणि ओट्यावर एक ओला, काळपट, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा जीव येऊन पडला. त्याचे दोन्ही पाय दोन दिशांना होते. मला तर ते जगातलं सर्वांत देखणं पिल्लू वाटलं.

मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊजी, मागाहून निघालेलं पिल्लू दुबळंच असतं. आत्ता आणलंत तर बाकीची त्याला तुडवतील, टोचून मारतील. आधी आपल्या पायांवर पळू दे, मग आणा. राहिलं तर."

"राहिलं तर म्हणजे?"

"नाही म्हणजे, तुमच्याकडे आहे म्हणून म्हणतो."

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. हे पिल्लू मी जगवणार, असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. बायको आणि मुलीनं एकमेकींकडे पाहिलं.

बुटांचं खोकं काढलं. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीखाली वर्तमानपत्र घातल्याशिवाय ती गोष्ट ठेवत नाहीत. कपाटाचे कप्पे, मसाल्याचे डबे, भाजीचा खण, सगळ्यांखाली वर्तमानपत्र. त्यामुळे खोक्यातही घातलं. मी तर मुद्दाम अग्रलेखाचं पान घातलं, कारण ते आमच्याकडे कोरं करकरीत राहतं. या पानानं पुढे काय उच्छाद मांडला ते सांगतोच. आधी उबेचं सांगतो.

पिल्लाला ऊब हवी, म्हणजे डोक्यावर बल्ब हवा. मी टेबलावरचा दिवा खोक्यावर वाकवला, प्रकाश लखलखीत पडला, आणि पिल्लू त्या लखलखाटात कुडकुडत बसलं. हात लावून पाहिला तर दिवा गारच. घरातले सगळे दिवे नव्या पद्धतीचे, प्रकाश देणारे आणि न तापणारे. मी धावत कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो.

"हा घ्या," दुकानदार म्हणाला, "कितीही वेळ लावा, अजिबात तापत नाही."

"मला तापणारा हवाय. जुना, पिवळा."

"साहेब, तापत नाही हेच तर याचं चांगलं आहे."

"मग मला वाईट द्या!"

त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आमच्या भागात पिवळा बल्ब मिळत नाही, याचं सगळं श्रेय आमच्या इमारतीच्या अध्यक्षांना. अध्यक्ष वीज खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी पिवळ्या बल्बाविरुद्ध मोहीम उघडली. "पिवळा बल्ब म्हणजे दिव्याच्या नावाखाली शेगडी!" असं त्यांनी जिन्यात चिकटवलं होतं, आणि दारोदार फिरून घराघरातले बल्ब पोत्यात जमा करून नेले होते. मला आता नेमकी शेगडीच हवी होती. मी त्यांच्या दाराची बेल दाबली.

"एकसुद्धा उरला नाही," ते छाती पुढे काढून म्हणाले. "सगळे नष्ट केले. समूळ."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, आपल्या कॅमेऱ्याच्या कपाटात एक आहे की! दिवसरात्र जळतोय."

अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांच्याकडे जुने कॅमेरे आहेत, भिंगांना दमटपणानं बुरशी धरते, म्हणून कपाटात बल्ब जळता ठेवावा लागतो, हे शास्त्रीय कारण त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. मी दोनदा मान डोलावली. मग कुणाला कळता कामा नये या अटीवर ते स्वतःच टॉवेलखाली बल्ब झाकून, आपल्याच इमारतीत चोरासारखे जिना चढून आमच्याकडे आले. बल्ब लागला. पिल्लू त्याच्याखाली पसरलं, सुकलं, फुललं. आणि काळपट गोळ्याच्या जागी पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा मऊ गोंडा दिसायला लागला. अध्यक्ष खोक्यावर वाकले ते उठेचनात. "तापमान बघायला हवं," म्हणाले, आणि थर्मामीटर आणायला धावले.

पाय मात्र फाकलेलेच होते. उठायला जायचं, दोन्ही पाय दोन बाजूंना घसरायचे आणि ते पोटावर आपटायचं. पुन्हा उठायचं, पुन्हा आपटायचं. त्याची जिद्द पाहून मला ओरडून सांगावंसं वाटे, अरे, थोडा दम घे! दुसऱ्या दिवशी ऑफिसात घरगुती अडचण कळवली, पिल्लाला फडक्यात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

खिडकीतल्या बाई वर न बघता म्हणाल्या, "मोठं जनावर की लहान?"

मी खिशात डोकावलो. "लहान."

"कुत्रं की मांजर?"

"लावा."

"मग ते कोंबड्यांत येतं. कोंबड्यांचा वार वेगळा. आणि तिकडे कळप तपासतात, सुटा पक्षी बघत नाहीत."

"अहो, कळपात टाकता येत नाही म्हणूनच तर मी सुटा घेऊन आलोय."

"तसं चालत नाही. कळप घेऊन या."

मी तावातावानं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या खिशातून माझ्यापेक्षा मोठा आवाज आला. चहाला निघालेले डॉक्टर थबकले. त्यांनी खिशात बोट घालून पिल्लाचे पाय चाचपले. "खाली काय घातलं होतं?"

"वर्तमानपत्र."

"वर्तमानपत्र! गुळगुळीत कागदावर ही घसरतात, पाय फाकतात. खरखरीत फडकं घाला. आणि दोन्ही पायांमध्ये चिकटपट्टीची बेडी घाला, बारीक. हाडं कोवळी आहेत तोवर सरळ झाले तर झाले. एकदा पक्की झाली की मग नाही जगत, खाण्यापर्यंत पोचतच नाही ते."

"तुम्हीच घाला ना बेडी."

त्यांनी आपले दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. "हे हात म्हशीच्या पोटात जातात हो. या पायांना मी काय बांधणार?"

घरी येताना मी स्वतःलाच बोल लावत होतो. कुणाचा हातगुण वाईट असतो हे मान्य. पण अग्रलेखाचं पान माझंच होतं. जिन्यात पहिल्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंची पाटी दिसली आणि मला एकदम सुचलं. बारीक चिमटे, कपाळावर दिवा, आणि आयुष्यभर इवल्याशा जागेत काम करायची सवय! शाळेतून येणारी मुलगी जिन्यातच भेटली, तिला घेऊन मी थेट आत घुसलो. खुर्चीत एक गृहस्थ तोंडात कापूस घेऊन आडवे होते.

"मी दातांची डॉक्टर आहे," बाई म्हणाल्या.

"मला माहीत आहे."

"याला दात नाहीत."

"म्हणूनच लवकर आटपेल."

बाईंनी एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे पाहिलं आणि खुर्चीतल्या गृहस्थांना उठवलं. खुर्ची वर आली, दिवा खाली आला, रुमालावर पिल्लू ठेवलं. "कुणीतरी घट्ट धरा," बाई म्हणाल्या. "पण घट्ट म्हणजे घट्ट नाही."

मुलीनं हात पुढे केला. पण पिल्लाला लागायच्या आधीच तिनं तो मागे घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही धरा."

काय सांगू! एखाद्याला राजगादी मिळाली तरी एवढा घाम फुटत नसेल. मी दोन बोटांत ते उबदार, धडधडणारं काहीतरी धरलं. कापूसवाले गृहस्थ माझ्या खांद्यावरून वाकून सारखं काहीतरी सुचवत होते, "ऊं हूं, ऊंऊं," आणि बाई "बरोबर आहे" म्हणत काम करत होत्या. त्यांना या भाषेची सवय असावी. पट्टी बसली. पाय एकमेकांशेजारी आले. पिल्लू रुमालावर उभं राहिलं, डुललं आणि नाकावर आपटलं. पण एक क्षण ते उभं होतं! गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर घराचं हॉस्पिटल झालं. खोक्यात जुना खरखरीत टॉवेल आला. बाटलीच्या झाकणात पाणी, आणि त्यात बुडून मरू नये म्हणून गोट्या. खायला उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून द्यायचा होता, त्यावर बायकोनं हरकत घेतली. "अंड्यातून आलेल्याला अंडं? भावंडच की ते!"

"कोंबडीचं आहे," मुलगी म्हणाली. "लांबची मावशी."

पिल्लानं नात्याचा विचार न करता चोच मारली. आम्हाला किती आनंद झाला म्हणता! मग एकदा ते खाता खाता एकाएकी मान टाकून सपाट पसरलं. मुलगी रडायला लागली, बायकोनं तोंडाला पदर लावला, अध्यक्षांनी चष्मा काढला आणि ते सरळ उभे राहिले. तेवढ्यात अध्यक्षांना शिंक आली आणि पिल्लू ताडकन उठून पुन्हा खायला लागलं. ही पिल्लं अशीच झोपतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

एकटं पडलं की मात्र ते आकांत करायचं. मी बोलायला लागलो की गप्प. मग मी त्याच्याशी काहीबाही बोलत बसायचो. ऑफिसातली भांडणं, साहेबांचा स्वभाव, सगळं. माझा आवाज ऐकून शांत होणारा हा घरातला पहिलाच जीव होता.

आणि मग एका संध्याकाळी बल्ब उडाला.

टप्प असा आवाज झाला आणि खोक्यात अंधार. रबरी पिशवीत गरम पाणी भरलं तर ती गळकी निघाली. बायको आणि मुलगी चपला अडकवून दुकानं पालथी घालायला धावल्या. "गार पडू देऊ नका त्याला!" बायको जिन्यातून ओरडली. पिल्लाचा आवाज बारीक बारीक होत चालला होता. मी त्याला उचललं आणि दोन्ही तळहातांच्या ओंजळीत मिटून घेतलं. दुसरं काही सुचतच नव्हतं.

तेवढ्यात दारात अध्यक्ष. "चला खाली. सभा खोळंबलीय, एक सभासद कमी पडतोय."

"येता येणार नाही. बल्ब गेला. पिल्लू हातात आहे."

"मग हातासकट चला. आजचा ठराव महत्त्वाचा आहे."

खाली गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. ठराव होता 'आपली इमारत पिवळ्या बल्बांपासून मुक्त' असा मोठा फलक दाराशी लावण्याचा. मी ओंजळ छातीशी धरून मागे बसलो. "अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत," अध्यक्ष म्हणाले. सगळे हात वर झाले, माझे सोडून.

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या गृहस्थांना आम्ही कायदेपंडित म्हणतो, कारण त्यांना सोसायटीचे पोटनियम तोंडपाठ आहेत. ते उठले. "हात वर न करणाऱ्याचं मत विरोधी धरायचं की तटस्थ? आणि हे हात जोडून बसलेत, ही विनंती समजायची का?"

यावर चर्चा सुरू झाली. आणि माझ्या ओंजळीतून क्षीण आवाज आला, "चिक."

"पक्षी!" कायदेपंडित गरजले. "परवानगीशिवाय?"

मी उठलो. एरवी सभेत माझा आवाज फुटत नाही, पण हातातली धडधड मंद होत चालली होती आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. "नियम काय लावायचा तो मागाहून लावा," मी म्हणालो. "याला ऊब मिळाली नाही तर हे आत्ता, माझ्या हातात मरेल. फलक लावा, नाहीतर काहीही लावा. पण कुणाकडे पिवळा बल्ब असेल तर द्या हो!"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "यांच्याकडे होता तो बल्ब माझा होता," ते म्हणाले. "कपाटातला."

सभेत "आं?" असा मोठा आवाज झाला. काकूंनी समाधानानं मान हलवली. मग कायदेपंडितांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आमच्या माळ्यावर दोन आहेत. एखादा असावा घरात, म्हणून."

त्यानंतर बांधच फुटला. कुणाकडे ट्रंकेत होता, कुणी पिठाच्या डब्यामागे लपवला होता, एका आजींनी तर मोज्यात घालून उशाशी ठेवला होता. पोतंभर बल्ब दिले होते सगळ्यांनी, आणि प्रत्येकानं एकेक राखून ठेवला होता! सभा तशीच उठली आणि जिन्यानं पळत सुटली. बायको आणि मुलगी हात हलवत परत आल्या तेव्हा आमच्या दारात बल्ब घेतलेल्या माणसांची रांग लागली होती आणि कायदेपंडित आत खुर्चीवर चढून बल्ब बसवत होते.

पिवळा उजेड पडला. मी ओंजळ खोक्यात नेली, पण ती उघडेना. बोटं आखडून गेली होती. बायकोनं एकेक बोट सोडवलं. आत पिल्लू डोळे मिटून होतं. कुणी हललं नाही. मग त्यानं एक डोळा उघडला, आमच्या सगळ्या सोसायटीकडे पाहिलं आणि बलकाच्या दिशेनं चालायला लागलं. लोकांनी असा गलका केला की रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. बायको मात्र माझे हात चोळत उभी होती. "चांगले गरम आहेत हो तुमचे हात," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हातांबद्दल ती काही चांगलं बोलली ते तेव्हाच. मला फार बरं वाटलं.

पुढे बेडी काढायला डॉक्टरीणबाई स्वतः वर आल्या. पट्टी सुटली. पिल्लू उभं राहिलं, विचारात पडलं, आणि बाणासारखं सुटलं ते थेट खोक्याच्या भिंतीवर धडकलं. वळलं, पुन्हा सुटलं. पळत होतं! अध्यक्षांनी मला मिठी मारली.

मग आम्ही त्याला मेहुण्याकडे नेलं. गच्चीवर जाळीच्या आत सगळा कळप होता. मी हातातून त्याला आत सोडलं आणि जीव मुठीत धरून बघत राहिलो. दोन पिल्लं जवळ आली, एकानं चोच मारली. हे जरा मागे सरकलं; मग उलटून त्यानंही एक मारली. एवढ्यात मेहुण्यानं दाणे टाकले आणि सगळा कळप एकदम धावला. हे त्यात शिरलं. धक्काबुक्की, चिवचिवाट, नुसते पट्टे आणि पाय.

"बाबा, आपलं कुठलं?" मुलीनं जाळीला नाक लावून विचारलं.

मी लंगडणारं शोधलं. एकही लंगडत नव्हतं. पाय घसरणारं शोधलं, मागे राहणारं शोधलं. सगळीच ताठ उभी होती, सगळीच भांडत होती, सगळीच धावत होती. मेहुणाही वाकून बघायला लागला. "भाऊजी, दाखवा तरी कुठलं ते."

माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे आता सगळीच धूसर दिसत होती. "ओळखू येत नाही!" मी गच्चीवरून खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो. "अरे, अजिबात ओळखू येत नाही!"